कानाला खाच, गळ्यात बिल्ला

मी पशुवैद्यक आहे. नोकरीतली बरीचशी वर्षं नगरपालिकेत गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही माझा फोन नंबर अनेकांकडे राहिला आहे. आठवड्यातून दोन प्रकारचे फोन हमखास येतात. एक असा, "डॉक्टर, आमच्या सोसायटीनं ठराव केलाय, बिल्डिंगमध्ये कुत्रा ठेवायचा नाही. आता काय करू?" आणि दुसरा, "डॉक्टर, आमच्या गल्लीत दहाबारा कुत्री झालीत, रात्री स्कूटरच्या मागे लागतात. उचलून न्यायला कुणाला सांगायचं?" दोघांनाही कायदा काय म्हणतो ते हवं असतं. आणि दोघांनाही माझं उत्तर निम्मंच आवडतं.

पहिल्या फोनचं आधी पाहू. सोसायटीला असा ठराव करता येत नाही. सर्वसाधारण सभेत तो एकमतानं झाला तरी नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळीव प्राण्यावर बंदी नाही, अमुक जातीचा चालेल आणि तमुक आकाराचा चालणार नाही असा भेद नाही, कुत्रा भुंकतो हे त्याला घराबाहेर काढण्याचं कारण होऊ शकत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. हे ऐकलं की फोनवरचा आवाज एकदम खुलतो. मग मी उरलेलं निम्मं सांगतो. कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का? दरवर्षी देता का? बाहेर नेताना साखळी असते का? त्यानं जिन्यात किंवा रस्त्यावर केलेली घाण कोण उचलतं? आणि महापालिकेचा परवाना काढला आहे का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येतं, "म्हणजे, तोही काढावा लागतो?"

काढावा लागतो. महापालिकेच्या कारभाराचा आपल्याकडचा मूळ कायदा १९४९ सालचा, मुंबईचा तर १८८८ सालचा. कुत्र्यांची नोंद हा प्रकार काही कालपरवा निघालेला नाही. थोडी फी, लस दिल्याचा दाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा दिला की परवाना मिळतो. पूर्वी त्याबरोबर पितळी बिल्ला मिळायचा, तो गळपट्ट्याला अडकवत. लोकांना वाटतं, ही पालिकेची पैसे काढायची आणखी एक युक्ती. खरं तर त्या फीतून पालिकेचा चहाचा खर्चही सुटत नसेल. परवान्याचा उपयोग वेगळा आहे. या कुत्र्याला मालक आहे, त्याला लस मिळाली आहे आणि उद्या तो कुणाला चावला तर जबाब द्यायला एक माणूस आहे, हे त्या बिल्ल्यावरून कळतं.

जबाब द्यावा लागतो तो असा. आपल्या प्राण्यापासून दुसऱ्याला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच्या उलट बाजूला १९६० सालचा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. कुत्रा आखूड साखळीला सतत बांधून ठेवणं आणि नकोसा झाल्यावर सोडून देणं, दोन्ही त्याखाली गुन्हे आहेत. पण त्यातला दंड ऐका. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. १९६० साली त्याला काही वजन असेल. आज वडापावच्या गाडीवर दोघांचं खाणंही पन्नास रुपयांत जेमतेम होतं. हौसेनं आणलेला जर्मन शेफर्ड दोन वर्षांनी हायवेच्या ढाब्यापाशी सोडून देणाऱ्याला कायद्याची भीती का वाटत नाही, याचं उत्तर इथं आहे. (जाता जाता, पिंजऱ्यातला मिठू पाळणाऱ्यांनीही ऐकावं. आपला देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, त्याला परवाना वगैरे काही नाही.)

आता दुसरा फोन. "उचलून न्या" म्हणणाऱ्या माणसाला मी आधी इतिहास सांगतो, कारण उचलून नेण्याचा प्रयोग मुंबईत फार पूर्वीच झालेला आहे. इंग्रजांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं. बक्षिसाच्या लोभानं लोक घरांच्या आवारात शिरून कुत्री ओढून नेऊ लागले. जून १८३२ मध्ये त्यावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू, जैन व्यापारी त्यांना मिळाले, बाजार बंद झाला. शहराच्या इतिहासात हा कुत्र्यांवरून झालेला दंगा म्हणून नोंदलेला आहे. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली, तिच्या मागे हीच पार्श्वभूमी होती. पण मारणं थांबलं नाही. मुंबई महापालिका १९९० च्या दशकापर्यंत भटकी कुत्री मारत होती. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं कुत्री मारली आणि दीडशेहून जास्त वर्षं कुत्री तेवढीच राहिली.

याचं कारण गूढ नाही. गल्लीत जेवढं खाणं पडतं तेवढी कुत्री त्या गल्लीत राहतात. दहा उचलली तर मोकळ्या जागेत शेजारच्या भागातली नवी येतात, आणि उरलेल्या माद्यांची पिल्लं जास्त जगतात. आपल्याकडच्या गावठी माद्या बहुतेक पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येतात, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत जिन्याखाली, बंद पडलेल्या गाडीखाली पिल्लं दिसू लागतात. एका वेताला चारपाच. उचलणारी गाडी वर्षभर फिरली तरी या हिशेबाला पुरी पडत नाही.

म्हणून २००१ साली केंद्र सरकारनं श्वान जन्मनियंत्रणाचे नियम केले आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आणले. त्यांचा गाभा एकच. कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. भुलीखाली असतानाच त्याच्या एका कानाच्या टोकाला खाच देतात. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान एकदा बघा. खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे. गळ्यातला बिल्ला आणि कानातली खाच, माझ्या मते या एकाच कामाच्या दोन खुणा आहेत. गावातल्या कुठल्या कुत्र्याचा हिशेब लागला आणि कुठल्याचा नाही, हे त्यावरून कळतं.

"परत सोडायचं" या दोन शब्दांवर सगळ्यात जास्त भांडणं होतात. फोनवरचा माणूस इथं चिडतो, आणि त्याचं चिडणं मला कळतं. पण लस टोचलेलं, नसबंदी झालेलं कुत्रं आपल्या जागेवर बसलं की ते बाहेरच्या, लस नसलेल्या कुत्र्याला आत येऊ देत नाही. आपल्या गल्लीची राखण ते पगाराशिवाय करतं. अट एवढीच, की त्या भागातल्या बहुतेक कुत्र्यांचं हे काम झालेलं असावं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सत्तर टक्क्यांचा आहे. वस्तीतल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते. आपल्याकडे घोडं अडतं ते इथंच. आज या वॉर्डातली दहा, उद्या नगरसेवकाचा फोन आला म्हणून त्या वॉर्डातली आठ. वर्षाअखेरीस शस्त्रक्रियांचा आकडा मोठा दिसतो, आणि एकाही गल्लीत सत्तर टक्के झालेले नसतात. एक भाग घ्या, तो पुरा करा, मग पुढच्या भागाला हात घाला, हे मी नोकरीत असताना प्रत्येक बैठकीत सांगायचो. अजूनही सांगतो.

हे होऊ शकतं, याचा पुरावा शेजारी गोव्यात आहे. तिथं २०१३ पासून सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था मिळून घरोघर, रस्तोरस्ती हातजाळ्या घेऊन फिरली. कुठलं कुत्रं टोचलं, कुठलं राहिलं, याची नोंद मोबाइलवर ठेवली. शाळांतून मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्याची खबर द्यायला फोन नंबर दिला. काही वर्षांत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी खाली आला आणि माणसांचे मृत्यू शून्यावर आले. यात पाळीव आणि भटकं असा भेद त्यांनी केला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कारण रेबीज हा भेद करत नाही. माझ्या नोकरीच्या काळात एका वस्तीतला सातआठ वर्षांचा मुलगा गेला. त्याला रस्त्यावरचं कुत्रं चावलं नव्हतं. शेजारच्या घरी आणलेल्या पिल्लाचा दात खेळताना त्याच्या बोटाला लागला होता. घरच्यांनी हळद भरली. पिल्लू चारपाच दिवसांत मेलं, ते मागच्या शेतात पुरलं. दीड महिन्यानं मुलगा पाणी बघून घाबरायला लागला, तेव्हा कुठं कुणाला ते पिल्लू आठवलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय जवळजवळ नाही.

२०२५ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात नेण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठानं तो बदलला. रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी, लसीकरण करून परत सोडा, आणि खायला घालायच्या जागा ठरवून द्या, असं सांगितलं. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, एसटी आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून ती परत तिथं सोडू नयेत, असं म्हटलं. शाळेच्या आवाराबद्दल माझी तक्रार नाही. पण २०१९ च्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली. निवाऱ्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी या आकड्याला रोजच्या भाकरीनं गुणून पाहावं.

खायला घालणाऱ्यांनाही दोन शब्द. त्यांना धमकावणं, मारहाण करणं हा गुन्हा आहे, आणि २०२३ च्या नियमांनी त्यांची जागा मान्य केली आहे. पण ती जागा जिना, फाटक, मुलांचं खेळायचं मैदान यांपासून दूर हवी आणि तिथला उरलेला घास उचलला गेला पाहिजे. शिवाय पालिकेची गाडी येते तेव्हा कुत्री कुणाच्या हाकेला येतात? रोज बिस्किटं घालणाऱ्याच्याच. तो आडवा आला तर पकडणारे हात हलवत परत जातात, त्यानं हाक मारली तर सकाळच्या तासाभरात गल्ली पुरी होते.

कुत्रं चावलं, ओरखडलं, मग ते घरचं असो की दारचं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि इंजेक्शनांचा क्रम पुरा करा. रक्त आलेलं असेल तर लसीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही टोचावं लागतं, ते डॉक्टरांना आठवणीनं विचारा. चावणारं कुत्रं ओळखीचं असेल तर त्याला मारू नका, दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. दहा दिवस ते ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, आणि ही माहिती डॉक्टरांच्या फार कामाची असते. पण त्यासाठी इंजेक्शन थांबवून ठेवू नका.

आणि गल्लीतल्या कुत्र्यांची तक्रार करायची तर नुसतं "फार कुत्री झालीत" असं लिहू नका. किती आहेत, त्यातल्या कितींच्या कानाला खाच नाही, माद्या किती, ती सकाळी कुठं बसतात, एवढं कागदावर लिहून वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्या. नियमांप्रमाणे प्रत्येक महापालिकेत यासाठी देखरेख समिती असायला हवी आणि तिचे प्रमुख आयुक्त असतात. अर्जाची एक प्रत त्यांच्या नावे टाका. अर्ज पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात गेला तर उत्तम. दिवाळीत दिला तर तोवर आकडा बदललेला असेल.