एका ठोक्याला एक वर्ष

डॉक्टरांनी सांगितल्यापासून मामा मनगटावर नाडी मोजणारा पट्टा बांधतात आणि आल्यागेल्याला त्यातला आकडा दाखवतात. मार्चमधल्या त्या दुपारी कडुनिंबाच्या सावलीतल्या खडकावर टेकल्यावर त्यांनी तो मलाही दाखवला. ७०. मामांचं वय ६८. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, दोन आकडे शेजारी आले की गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही. मिनिटाला ७०, म्हणजे वर्षाला ३ कोटी ६८ लाख. ६८ वर्षांचे झाले २५० कोटी. लहानपणी नाडी जोरात चालते, झोपेत मंदावते, पण मामांच्या मते ढोबळ हिशेबात असल्या तक्रारी करायच्या नसतात.

मग बसल्या जागी खडकावर थाप मारून त्यांनी विचारलं, "आणि याचं वय काय गं?"

हैदराबाद ज्या ग्रॅनाइटवर उभं आहे तो साधारण २५० कोटी वर्षांचा. मी तसं सांगितलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. मामांच्या हृदयाच्या एका ठोक्याला खडकाचं एक वर्ष. हिशेब इतका चपखल जुळला की उरलेली दुपार आम्ही त्याच मापाने काढली.

आम्ही राहतो हिमायतनगरला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान, त्यांच्या नावाची ही वस्ती. तिथून मलकपेट, दिलसुखनगर, एल. बी. नगर मागे टाकत विजयवाड्याच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर महावीर हरिणा वनस्थली. आमचा खडक तिथलाच. एकेकाळी हे निजामाचं शिकारीचं रान होतं. महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षं झाली तेव्हा, १९७५ मध्ये, ते हरणांसाठी राखून अहिंसेच्या उपदेशकाचं नाव दिलं गेलं. ३६०५ एकर, म्हणजे साडेचौदा चौरस किलोमीटर. कुंपणापलीकडे ट्रकचे हॉर्न अखंड वाजत असतात. अलीकडे काळवीट कान हलवतं, एवढंच.

तर ठोक्यांचं माप. हैदराबाद वसलं १५९१ मध्ये, म्हणजे सव्वासहा मिनिटांपूर्वी. चारमिनार, गोवळकोंड्याचा पाडाव, सगळे निजाम, पोलीस अ‍ॅक्शन, हायटेक सिटी, सगळं एक चहा उकळून कपात येईपर्यंत. आपली माणसाची जात तीन लाख वर्षांची धरली तर तीन दिवस. आणि आपला सह्याद्री? ज्याच्या कड्यांकडे बघून आपण अनादि, अनंत वगैरे शब्द वापरतो, तो दख्खनचा काळा दगड ज्या लाव्हापासून झाला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. मामांच्या मापाने पावणेदोन वर्षं. ६८ वर्षांच्या म्हाताऱ्यासमोर दुडूदुडू चालणारं पोर! मामांचं आजोळ साताऱ्याकडचं. त्यांना हे फारसं आवडलं नाही.

साडेचारच्या सुमारास ऊन तिरपं झालं आणि काळवीट उघड्यावर आले. पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगांना मळसूत्राचा पीळ. मागे सात-आठ तांबूस माद्या. कशाने कोण जाणे, एक मादी दचकली, सरळ वर उडाली आणि अख्खा कळप पळत सुटला. काळवीट जिवाच्या आकांताने पळालं तर ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातं. मामांचा एक ठोका पडेस्तोवर १९ मीटर.

पण इथे तेवढं पळायचं कुणापासून? हा वेग घडला त्यात चित्त्याचा मोठा वाटा. आपल्या वडिलांनी, अकबराने, हजार चित्ते बाळगले होते असं जहांगीर लिहून गेला आहे. ते शिकवलेले चित्ते हरणांवर सोडत. भारतातले शेवटचे म्हणून सांगितले जाणारे तीन चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानात मारले गेले. मिनिटभरापूर्वीची गोष्ट. शत्रू गेला तरी पायांना अजून ते कळलेलं नाही, आणि मिनिटभरात कळणार तरी कसं? २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून कुनोच्या जंगलात चित्ते आणले ते आठ. ठोक्याला एक मोजला तर सात सेकंदांत संपतात.

मोजणीचा हा खेळ मग काळविटांवर आला. १९४७ मध्ये देशात सुमारे ८०,००० काळवीट होते, १९६४ पर्यंत ८,००० च उरले, असा एक अंदाज दिला जातो. ठोक्याला एक या गतीने ८०,००० मोजायला एकोणीस तास लागले असते, ८,००० ना दोन तासही नाहीत. हिंदी सिनेमा त्याहून लांब असतो. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, संख्या सावरली. या शतकाच्या सुरुवातीचा अंदाज ५०,००० च्या आसपासचा होता. म्हणजे बारा तास. सकाळी सहाला बसावं, दिवेलागणीला देशातले सगळे काळवीट मोजून उठावं.

एवढ्यात मामा "आई गं" करून उठले. पायाला मुंगी चावली होती. खडकाच्या फटीतून रांग चालली होती आणि आम्ही तासभर तिच्या वाटेवर पाय ठेवून हरणं बघत होतो.

जगातल्या मुंग्यांचा हिशेब शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडला. २ वर १६ शून्यं. वर्तमानपत्री मराठीत २०,००० लाख कोटी, पण मामांना ते कबूल नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त १७ शून्यांपर्यंत प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव आहे: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. "दोन मध्य मुंग्या," मामा पाय चोळत म्हणाले. बाराव्या शतकात हे नाव तयार होतं, त्यात घालायला वस्तू मिळाली आत्ता. माणशी २५ लाख मुंग्या वाट्याला येतात. आपल्या एकट्याच्या वाट्याच्या मोजायच्या तर रात्रंदिवस पंचवीस दिवस. सगळ्या मोजायच्या तर ५४ कोटी वर्षं. जगातले सगळे रानटी पक्षी आणि सस्तन प्राणी एका पारड्यात घातले तरी मुंग्यांचंच पारडं खाली जातं. त्यांच्यासाठी तिकीट काढून कुणी येत नाही. आम्हीही हरणांसाठीच आलो होतो.

फाटकापर्यंत चालत आलो तेव्हा पट्ट्यावर ९४ होते. "खडकाची वर्षं भराभर चाललीत," मामा म्हणाले. परतताना मलकपेटला सिग्नल लागला, नव्वद सेकंदांचा. मामा डोळे मिटून, ओठ हलवत बसून राहिले. हिरवा दिवा लागला तशी मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

"चल गं," मामा डोळे न उघडता म्हणाले, "एकशे पाच वर्षं झाली."