दोन सिनेगॉग एक झाले, तर मालमत्ता कुणाची?

ज्यांचा हा एपिसोड ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय.

ज्यू परंपरेत सामूहिक प्रार्थनेला किमान दहा जण लागतात. याला 'मिनियान' म्हणतात. पारंपरिक मंडळींमध्ये फक्त प्रौढ पुरुष मोजले जातात. समाज पांगला की दहा जण जमत नाहीत. मग जवळपासची दोन सिनेगॉग म्हणतात, चला, एकत्र येऊ. नुसती प्रार्थनाच एकत्र करायची असेल तर प्रश्न नाही. पण इमारत, बँकेतल्या ठेवी, तोराच्या गुंडाळ्या, दफनभूमी? ही कुणाची? इथे कायदा येतो.

एक खरी केस बघू. अमेरिकेत न्यूपोर्टला १७६३ सालचं टुरो सिनेगॉग आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर तिथले ज्यू हळूहळू गाव सोडून गेले आणि वास्तूची जबाबदारी न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्राएल मंडळीकडे आली. पुढे न्यूपोर्टमध्ये नवे ज्यू आले, त्यांची नवी मंडळी झाली. १९०३ साली दोघांत भाडेकरार झाला. २०१२ च्या सुमारास पैशांची चणचण आली, तेव्हा न्यूपोर्टवाल्यांनी तोरावरचे चांदीचे जुने दागिने ७४ लाख डॉलरला विकायचं ठरवलं. न्यूयॉर्कवाले म्हणाले, थांबा, ते आमचे आहेत! २०१६ साली न्यूपोर्टवाले जिंकले, २०१७ साली अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. कोर्टाने आधार कशाचा घेतला? धार्मिक इतिहासाचा नाही, लेखी करारांचा.

हे काही विलीनीकरण नव्हतं. पण एकत्र येणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा असा धडा यात आहे: आज मनं जुळलीत म्हणून कागद टाळू नका.

न्यूयॉर्क राज्यात दोन नोंदणीकृत मंडळींना एक व्हायचं असेल, तर कोर्टाची मंजुरी लागते. त्यानंतर मालमत्ता नव्या संस्थेकडे जाते, आणि हो, कर्जंसुद्धा!

आता आपल्याकडे. मुंबई आणि कोकणातल्या बेने इस्राएलींची मातृभाषा मराठी. त्यांच्यातले बहुतेक लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले, वास्तू मात्र इथेच राहिल्या. सिनेगॉगचा सार्वजनिक ट्रस्ट असेल, तर त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. कलम ५०-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्त दोन ट्रस्टसाठी एकच योजना आखून त्यांचं एकत्रीकरण करू शकतात. त्याआधी विश्वस्तांना बाजू मांडायची संधी मिळते. आणि एकत्र आलो म्हणून रिकामी झालेली इमारत लगेच विकता येत नाही. कलम ३६ नुसार आधी मंजुरी घ्यावी लागते.

एवढी कटकट कशाला? कारण विश्वस्त हे राखणदार असतात, मालक नव्हे. आजीने दफनभूमीसाठी दिलेले पैसे नातवंडांनी हॉलच्या एसीला वापरू नयेत, एवढंच कायद्याचं म्हणणं.

तुमच्या गावच्या देवळाचा किंवा मंडळाचा ट्रस्ट आहे? मग त्याची योजना एकदा वाचाच. भेटू पुढच्या भागात!