कांद्याची लाल पत्ती

निफाड तालुक्यातील लासलगावचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा भावाच्या निमित्ताने. क्विंटलमागे दर किती चढला, किती उतरला, लिलाव बंद पडले की सुरू झाले, निर्यातीवरील निर्बंध उठले की नव्याने लादले गेले, एवढ्याच हिशेबात या गावाची आणि त्याच्या मुख्य जिनसाची दखल आपण घेत आलो आहोत. येथील बाजार समिती १९४७ सालची. २०१६ साली लासलगावच्या कांद्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु ज्याच्यासाठी एवढी वाहने पहाटेपासून आवारात रांगा लावून उभी राहतात, तो कांदा पोटात गेल्यावर कोणती कामगिरी बजावतो, याची चौकशी त्या मानाने फारच थोड्यांनी केली आहे.

तिचा आरंभ करावा तो कांद्याच्या पत्तीपासून. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो, आणि ज्याची पत्ती दुहेरी, घट्ट व तांबूस, त्याला व्यापारी अधिक पसंती देतो. मोड येऊ नयेत म्हणून कांद्यावर गॅमा किरणांचा प्रयोग करणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे केंद्र २००२ पासून लासलगावातच आहे. तथापि चाळींत पडलेल्या बहुतेक कांद्याची राखण आजही ही पत्तीच करते. ते कसे, याचा उलगडा अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे वॉकर आणि लिंक या शास्त्रज्ञांनी फार पूर्वी केला. पांढऱ्या कांद्यावर काळे डाग पाडणारी एक बुरशी रंगीत कांद्यापुढे हतबल ठरते, कारण रंगीत पत्तीतील फिनॉल वर्गाची द्रव्ये दवाच्या थेंबात विरघळून बुरशीचे बीजाणू रुजूच देत नाहीत, असे त्यांना आढळले. वनस्पतीने स्वतःच्या संरक्षणासाठी केलेली ही तजवीज होय. माणूस तिचा लाभार्थी झाला तो मागाहून.

याच कुळातील क्वेर्सेटिन हे पिवळसर द्रव्य कांद्यात विशेष मुबलक असते. तांबड्या-पिवळ्या जातींत पुष्कळ, पांढऱ्यात नाममात्र. आज ज्यांना सर्रास ‘अँटिऑक्सिडंट’ म्हटले जाते आणि शास्त्रीय परिभाषेत प्रतिऑक्सिडीकारक, त्या द्रव्यांत त्याची गणना होते. श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूच्या साह्याने पेशी ऊर्जा निर्माण करीत असता काही अस्थिर, इलेक्ट्रॉनसाठी हपापलेले कण उत्पन्न होतात. ही मुक्त मूलके स्निग्ध पदार्थांची, प्रथिनांची आणि पेशीतील आनुवंशिक द्रव्याचीही नासधूस करू शकतात. प्रतिऑक्सिडीकारक आपला इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करतो. मात्र हे कण निव्वळ शत्रू नव्हेत: पांढऱ्या रक्तपेशी जंतूंचा संहार करतात तो याच जातीच्या शस्त्रांनी. म्हणूनच ‘जितके अँटिऑक्सिडंट अधिक तितके आरोग्य उत्तम’ हे जाहिरातीतले गणित मला मान्य नाही.

माझ्या या नकाराला आधारही आहे. १९९३ साली नेदरलँड्समधील झुटफेन शहरातील ८०५ वृद्ध पुरुषांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चहा, कांदा आणि सफरचंद यांतून क्वेर्सेटिनसारखी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये अधिक घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी आढळले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे, पण दिशा आशादायक होती. पुढच्याच वर्षी फिनलंडमधून उलटा दाखला आला. २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी ज्यांना गाजरातील बीटा-कॅरोटीन या प्रतिऑक्सिडीकारकाच्या गोळ्या दिल्या गेल्या, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढले. गाजरात जे निर्धोक, ते सुटे काढून मोठ्या मात्रेत दिल्यावर निर्धोक राहिलेच असे नाही.

कांद्याच्या बाबतीत तर हा भेद शोषणापासूनच दिसतो. १९९५ साली नेदरलँड्समध्येच, मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढलेल्या नऊ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात शुद्ध क्वेर्सेटिन २४ टक्के शोषले गेले, तर कांद्यातले ५२ टक्के. कांद्यात ते शर्करेशी जोडलेले असते, आणि त्या जोडीनेच त्याला आतड्यातून वाट मिळते. शिवाय शोषले गेल्यावर यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करते, रक्तात त्याचा अल्पांशच उरतो. त्यामुळे परीक्षानळीत दिसणारा पराक्रम शरीरात तसाच्या तसा घडतो असे मानणे धाडसाचे होईल. ज्या घरांत कांदा वर्ज्य आहे किंवा चातुर्मासापुरता बंद असतो, त्यांनीही हळहळण्याचे कारण नाही; चहा, आवळा, पेरू, डाळिंब ही भावंडे हाताशी आहेतच.

स्वयंपाकघरात मात्र एक कसूर सर्वत्र होते. क्वेर्सेटिन उष्णतेला सहजी बधत नाही. उकळताना ते पाण्यात उतरते, म्हणजे रस्सा खाल्ला तर वाया जात नाही. वाया जाते ते सोलताना, कारण कांद्याच्या बाहेरच्या पदरांत ते सर्वाधिक आणि गाभ्याकडे कमी कमी होत जाते. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा असो की वाटणासाठी भाजलेला, गृहिणींना आणि खानावळवाल्यांना माझी कळकळीची विनंती एवढीच, की सुकलेली पत्ती तेवढी काढावी. तिच्याखालचा रसरशीत लाल पदर केराच्या टोपलीत टाकू नये.