घराचं इंटरनेट : उरणमधला यूएसबी अडॅप्टरचा काळ

उरणला मिळालेल्या मोठ्या सोयींचा क्रम पाहिला तर आधी माल आणि मग माणूस असाच तो दिसतो. मुंबई हायचा वायू सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून इथे किनाऱ्याला लागतो, न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं, कंटेनरच्या मालगाड्यांना आता दशकं उलटली. प्रवासी लोकल मात्र उरण स्टेशनात यायला 12 जानेवारी 2024 उजाडावा लागला. तोवर मुंबईला जायचं तर मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच, आणि तीही ओहोटीला खोळंबणारी, नाहीतर खाडीला वळसा घालून रस्त्याने. इंटरनेटच्या बाबतीतही बंदर, तेल-वायूचे प्रकल्प आणि गोदामं पुढे राहिली, घरं मागे. अशा गावांतल्या घरांनी ही तूट स्वतःच भरून काढली ती साधारण 2009 ते 2016 या काळात, संगणकाला खोचलेल्या अंगठ्याएवढ्या यूएसबी वायफाय अडॅप्टरने. त्या खटपटीकडे आज तात्पुरता जुगाड म्हणून पाहिलं जातं. मला हे मान्य नाही. त्या अडॅप्टरमुळे इंटरनेट पहिल्यांदा घराच्या मालकीचं झालं. पुढे स्वस्त डेटा आला, इंटरनेट एकेकाच्या खिशात गेलं, तेव्हा घरातल्या काही माणसांच्या हातून ते सुटलं, आणि याची नोंद फारशी कुणी घेतली नाही.

त्या काळात इंटरनेट यायचं ते एकाच यंत्रापर्यंत. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड असं ठरवलं. जानेवारी 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला आणि घरगुती वायफाय रीतसर वापरता येऊ लागलं. 2009 मध्ये एमटीएनएलने मुंबईत थ्रीजी आणलं, 2011 च्या सुमारास खासगी कंपन्यांचं थ्रीजीही आलं, आणि फोटॉन, नेटकनेक्ट अशा नावांची डोंगल दुकानांत लटकू लागली. डोंगल एका वेळी एकाच संगणकाला लागायचं. केबलवाल्याची लाइन घेतली तरी बहुतेक ठिकाणी लॉगिनचा प्रोग्राम संगणकावर चालू ठेवावा लागे आणि जोडणी त्या एका यंत्राच्या मॅक पत्त्याला बांधलेली असे. राउटर का घेतला नाही, हा आजचा प्रश्न इथेच निकाली निघतो. साध्या राउटरला डोंगल लावायची जागाच नव्हती, आणि ज्यांना होती ते महाग असून ठरावीक डोंगलच ओळखत. तेव्हा संगणकालाच राउटर करणं भाग होतं. टेबलावरच्या संगणकात वायफायचं कार्ड नसायचं, म्हणून अडॅप्टर. लॅपटॉपमध्ये ते असलं तरी त्याचा ड्रायव्हर हॉटस्पॉट चालवू देईलच असं नव्हतं, म्हणूनही अडॅप्टर.

22 ऑक्टोबर 2009 ला विंडोज 7 बाजारात आली आणि ही गोष्ट सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. त्याआधी संगणक ते संगणक अशी अ‍ॅड-हॉक जोडणी करता यायची, पण त्या वेळच्या अँड्रॉइड फोनना ती दिसतच नसे. विंडोज 7 च्या ‘होस्टेड नेटवर्क’ या नव्या व्यवस्थेत संगणकच हॉटस्पॉट होई. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आधी ड्रायव्हरची माहिती मागवायची आणि ‘होस्टेड नेटवर्क सपोर्टेड’ या ओळीपुढे ‘येस’ आहे ना ते पाहायचं. मग एका ओळीत नाव आणि पासवर्ड द्यायचा, दुसऱ्या ओळीत सुरू करायचं. खरी मेख त्यापुढे होती. फोनवर वायफायच्या पट्ट्या पूर्ण दिसत, पण पान उघडत नसे, कारण इंटरनेट ज्या जोडणीतून येतं तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘शेअरिंग’च्या चौकोनात खूण करायची राहिलेली असे किंवा ती भलत्याच जोडणीवर केलेली असे. खूण बरोबर जागी पडली की संगणक स्वतःला 192.168.137.1 हा पत्ता घेतो आणि जोडलेल्या प्रत्येक फोनला त्याच रांगेतला पुढचा पत्ता वाटतो. संगणक बंद करून पुन्हा लावला की हॉटस्पॉट आपोआप सुरू होत नसे, म्हणून त्या ओळी नोटपॅडमध्ये लिहून बॅच फाइल करून डेस्कटॉपवर ठेवायची पद्धत पडली. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण एकदा कुणी ती फाइल करून दिली की राइट क्लिक करून ती चालवणं घरातल्या कुणालाही जमण्यासारखं होतं. जोडणी करून देणारा माणूस घरात असायलाच हवा अशी गरज उरली नाही.

या पद्धतीवरचा पहिला आक्षेप वेगाचा. हॉटस्पॉट केला की वेग निम्मा होतो, असं सरसकट म्हटलं जातं. हे खरं आहे, पण फक्त एकच रेडिओ इंटरनेट घेतही असेल आणि वाटतही असेल तेव्हा. इंटरनेट केबलने किंवा डोंगलने येत असेल आणि वाटायला वेगळा अडॅप्टर असेल तर ही अडचण येत नाही. वेगळा अडॅप्टर लावण्यातला फायदा नेमका हाच. वेग घटत असे तो बऱ्याचदा दुसऱ्याच कारणाने. यूएसबी 3 च्या पोर्टमधून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो, हे इंटेलने 2012 मध्ये स्वतः मांडलं आहे. हातभर लांबीची एक्स्टेंशन वायर घेऊन अडॅप्टर संगणकापासून दूर ठेवला की फरक पडतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचा पुरावा उरणच्या अगदी शेजारचा आहे. 26 जुलै 2008 ला अहमदाबादमध्ये स्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटं आधी पाठवलेल्या ईमेलचा माग काढत तपास पोहोचला तो नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरी, आणि मग त्या घराचं वायफाय भलत्यांनीच वापरल्याचं पुढे आलं. फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. अशा वेळी घरोघरी हौशी हॉटस्पॉट उभे राहणं धोक्याचं नव्हतं का? माझ्या मते ते उलट जास्त सुरक्षित होतं. विंडोज 7 चा होस्टेड नेटवर्क उघडा ठेवताच येत नाही. त्याला डब्ल्यूपीए-2 आणि किमान आठ अक्षरांचा पासवर्ड लागतोच. सानपाड्याच्या प्रकरणातला धोका उघड्या दाराचा होता, आणि इथे दार कुलपाशिवाय बसतच नव्हतं. पासवर्ड सोपा ठेवण्याचा किंवा गल्लीभर सांगत सुटण्याचा दोष उरतो, पण तो विकतच्या राउटरलाही चुकलेला नाही.

तिसरा आक्षेप इंटरनेट कंपनीशी झालेल्या कराराच्या भंगाचा, तो थोडक्यात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना पैसे घेऊन जोडणी देणं नियमात बसत नव्हतं आणि मी त्याचं समर्थन करत नाही. मात्र डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर करून चहावाल्या-किराणावाल्याला परवान्याशिवाय वायफाय वाटू देण्याचं ठरवलं, तेव्हा एक जोडणी अनेकांत वाटणं हाच ती पोहोचवण्याचा मार्ग आहे, हे सरकारनेही मान्य केलं.

सर्वांत वजनदार आक्षेप 5 सप्टेंबर 2016 चा. त्या दिवशी जिओ सुरू झालं, पुढे रोजचा डेटा ज्याच्या त्याच्या सिमवर मिळू लागला, आणि हॉटस्पॉट तर अँड्रॉइडमध्ये 2010 पासूनच होता. मग अडॅप्टर हवा कशाला? डेटा स्वस्त झाला आणि त्याने लाखोंचं भलं केलं, यात वाद नाही. पण फोनचा हॉटस्पॉट माणसाबरोबर घराबाहेर पडतो, आणि उरणमध्ये या गोष्टीला फार अर्थ आहे. बंदरातली, यार्डातली कामं पाळीची. ट्रेलरवरचा चालक रात्र-रात्र रांगेत. करंजाची बोट मासेमारीला निघाली की काही दिवस समुद्रात. कमावता माणूस निघाला की त्याचा फोन निघतो, आणि फोनबरोबर घराचं इंटरनेटही. 2020 च्या टाळेबंदीत बंदरं अत्यावश्यक म्हणून चालू राहिली आणि शाळा मात्र पडद्यावर गेली. ज्या घरातला एकमेव चांगला फोन पाळीवर गेला, तिथल्या मुलांचा वर्ग त्या दिवसापुरता बुडाला. कोपऱ्यात चालू असलेला संगणक आणि त्याचा अडॅप्टर कुठे जात नव्हता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रात 38 टक्के होत्या, पुरुष 61.5 टक्के. राज्यातलं हे सर्वेक्षण 2019 चं, म्हणजे जिओ येऊन तीन वर्षं झाल्यानंतरचं. अडॅप्टरच्या काळात हे अंतर कमी होतं असा दावा या आकड्यांवरून करता येत नाही. आधीच्या फेरीत हा प्रश्नच नव्हता. मात्र डेटा स्वस्त झाला की तो घरात सगळ्यांना आपोआप मिळतो, हे गृहीतक या आकड्यांपुढे टिकत नाही. आपण सिम मोजले, घरं मोजली नाहीत. आईचा, आजीचा, शाळकरी मुलीचा वाटा सिमच्या आकड्यात दिसत नाही.

अडॅप्टरच्या पद्धतीला मर्यादा होती ती विजेची. उरण तालुक्यातल्याच घारापुरी बेटावर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून तिथे कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. तिथे हा काळ आलाच नाही. बाकी ठिकाणी फायबर पोहोचलं तसे अडॅप्टर ड्रॉवरमध्ये गेले, विंडोज 10 ने हॉटस्पॉटचं बटण सेटिंगमध्ये आणलं आणि आठ उपकरणांची मर्यादा घातली, नव्या ड्रायव्हरांनी जुन्या कमांडला ‘नो’ म्हणायला सुरुवात केली. लिनक्सवर होस्टएपीडी आणि डीएनएसमास्क हे दोन प्रोग्राम घातले की त्यातले बरेच जुने अडॅप्टर आजही हॉटस्पॉट चालवतात. रस्ता खणताना फायबर तुटलं तर घरातला एखादा जुना फोन यूएसबीने अशा संगणकाला जोडून, त्यात घरासाठीच घेतलेलं सिम घालून, सगळ्यांचं काम चालू ठेवता येतं.