पवनीचा मुचलिंद : नाव कोरलेला नाग

भंडारा जिल्ह्यातली वैनगंगेकाठची पवनी ‘विदर्भाची काशी’ म्हणून ओळखली जाते, ती देवळांमुळे आणि घाटांमुळे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले, तेव्हा इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्यातले सर्वांत मोलाचे शिल्प म्हणजे मुचलिंद नाग. वेटोळे घातलेला, पाच फणा उभारलेला नाग, त्याच्या जोडीला आसन आणि दगडावर ब्राह्मीत कोरलेले त्याचे नाव. बुद्धाची मानवाकृती मात्र कुठेच नाही. संबोधीनंतर सात दिवस अवकाळी पाऊस कोसळत असता ध्यानस्थ बुद्धाला सात वेटोळ्यांत घेऊन वर फणा धरणारा हा नागराजा. माझ्या मते पवनीच्या शिल्पकाराने त्याला सेवक म्हणून कोरलेले नाही. या कथेचा नायकच तो आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की त्या काळी बुद्धाला चिन्हांनीच दाखवत, तेव्हा खरा मान रिकाम्या आसनाचा. हे खरेच आहे. पण भारहुतच्या स्तूपावरचा एरापत नागराजा शेजारी ठेवून पाहा. तिथला लेखच सांगतो, की तो भगवंतांना वंदन करतो आहे, आणि शिल्पातही तो आसनापुढे वाकलेला आहे. पवनीचा नाग वाकत नाही, तो राखण करतो. पुढे अमरावतीच्या परंपरेत आणि शेवटी कंबोडियात बुद्धमूर्ती वेटोळ्यांवर विराजमान झाली आणि नाग तिच्यामागची प्रभावळ होऊन राहिला. पवनीत हा बदल अजून घडलेला नाही. आपल्या परिचयाच्या कालियामर्दनाशी तुलना केली तर फरक आणखी ठळक होतो : तिथे नागाला नमवावे लागते, इथे तो आपणहून पुढे येतो.

दुसरा आक्षेप असा, की नागाविषयीची ही केवळ अडाणी लोकांची समजूत स्तूपात शिरली. तोही टिकत नाही. पवनीच्याच एका दानलेखात पाचही निकायांचा, म्हणजे बौद्ध सूत्रसंग्रहांचा, जाणकार असलेल्या दात्याचे नाव ‘नाग’ आहे. धर्मग्रंथ मुखोद्गत असलेल्या माणसाला हे नाव बाळगण्यात कमीपणा वाटत नव्हता. मात्र एवढ्यावरून इथे ‘नाग’ नावाचा वंश नांदत होता, असे मी म्हणणार नाही. डॉ. आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात नाग लोकांचा आणि बौद्ध धर्माचा संबंध सांगितला. त्या मोठ्या प्रश्नाचा निकाल एका शिल्पावर लावता येत नाही. नागाविषयीची श्रद्धा स्तूपात पराभूत होऊन नव्हे, तर सन्मानाने आली, एवढेच हे शिल्प सिद्ध करते. आणि तेवढेही थोडे नाही. पवनीला देवदर्शनासाठी जाणाऱ्यांनी घाटावरून परत न फिरता जगन्नाथ टेकडीही आवर्जून पाहावी.