तेवीस टक्के, पण कशाचे?

'पुण्यात गुप्तरोगाच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या दर १०० जणांपैकी २३ जणांना एचआयव्ही!' असं वाक्य वाचलं की धक्का बसतो. आकडा खरा आहे, पण तीस वर्षांपूर्वीचा. भोसरीची तेव्हाची नॅशनल एड्स रिसर्च इन्स्टिट्यूट, म्हणजेच 'नारी', आणि अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मे १९९३ ते जुलै १९९४ या काळात पुण्यातल्या अशा क्लिनिकमधले २८०० पेशंट तपासले. त्यांपैकी २३.४ टक्के पॉझिटिव्ह निघाले.

मग तेव्हा पुण्यातल्या जवळजवळ दर चौथ्या माणसाला एचआयव्ही होता का? मुळीच नाही! मित्रांनो, आपण इंजिनियरिंगवाले. टक्केवारी दिसली की आधी छेद बघायचा. इथे छेदात अख्खं पुणे नाही, तर ज्यांना आधीच लैंगिक आजाराची शंका आहे तेवढेच लोक आहेत.

त्यांच्यात प्रमाण जास्त का? एक तर लागण व्हायचा रस्ता तोच. दुसरं म्हणजे, जननेंद्रियावर जखम असेल तर व्हायरसला आत शिरायला दार उघडंच मिळतं. शिवाय जखमेशी लढायला प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे गोळा होतात आणि एचआयव्हीला नेमक्या त्याच हव्या असतात. हा रिट्रोव्हायरस आहे, म्हणजे उलट्या दिशेने काम करणारा. आपल्या पेशीत डीएनएवरून आरएनए बनतो. हा मात्र स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो आपल्या डीएनएमध्ये जोडून टाकतो. म्हणून तो शरीरातून पूर्ण काढून टाकणं इतकं अवघड.

आता खरा विचार करायला लावणारा आकडा. १९९३ ते १९९६ मध्ये या क्लिनिकमध्ये आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास झाला. सगळ्यांची सरासरी काढली तर साधारण ३४ टक्के येते. पण ही सरासरी फसवी आहे. त्यांपैकी ५२५ जणी वेश्याव्यवसायात होत्या आणि त्यांच्यात प्रमाण ४९.९ टक्के होतं. उरलेल्या ३९१ जणी त्या व्यवसायात नव्हत्या. त्यांच्यात १३.६ टक्के, म्हणजे ५३ जणी! अभ्यासाचा मुख्य मुद्दा हाच होता की नवऱ्याशिवाय कुणाशीही संबंध नसलेल्या विवाहित स्त्रियांपर्यंत हा आजार पोचला होता. त्यांना धोका होता तो स्वतःच्या घरातूनच.

'असल्या' लोकांनाच एड्स होतो, असं आपण सहज बोलून जातो. त्या ५३ जणींचं काय चुकलं होतं? नवऱ्याने तपासणी करून घेतली नाही, घरी सांगितलं नाही, आणि 'चांगल्या घरातली बाई' म्हणून तिला टेस्ट करायला सांगावं असं कुणाच्या मनात येणंही कठीण. लाज एकाची, शिक्षा दुसरीला.

आज परिस्थिती खूप सुधारली आहे. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. २००४ पासून सरकार एआरटीची औषधं मोफत देतं. ती नियमित घेऊन रक्तातला व्हायरस मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसी केंद्रात टेस्ट फुकट होते आणि रिझल्ट गुप्त ठेवतात. २०१७ च्या कायद्याने तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करायला बंदी आहे. फक्त एक लक्षात ठेवा: लागण झाल्यावर पहिले काही आठवडे टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करायची. आणि धोका नुकताच झाला असेल, तर ७२ तासांच्या आत हॉस्पिटल गाठायचं, कारण लागण टाळणारी औषधं तेवढ्याच वेळात सुरू करता येतात.

जखम, स्राव, जळजळ असं काही असेल तर मेडिकलमधून मलम आणून गप्प बसू नका. डॉक्टरकडे जा, एचआयव्हीची टेस्टही करा आणि जोडीदारालाही सोबत न्या. आपण कुठल्या टक्केवारीत बसतो याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा एक रक्ताची तपासणी केव्हाही बरी.