पुढे ढकललेल्या तारखा

भीतीची सुरुवात अठरा रुग्णांपासून झाली. फेब्रुवारी २०२०मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी १,५९० कोरोनाबाधितांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी अठरा जणांना कॅन्सर होता किंवा पूर्वी होऊन गेला होता. या अठरांपैकी सात जणांची प्रकृती गंभीर झाली, म्हणजे ३९ टक्के. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण ८ टक्के होतं. अठरांतले बरेचसे तर उपचार संपवून केवळ तपासणीला येणारे होते. इतक्या थोड्या माणसांवरून कुठलाही निष्कर्ष काढणं धोक्याचं, हे तेव्हाच काहींनी लिहिलं. पण त्या दिवसांत हाताशी दुसरं काहीच नव्हतं, आणि तो ३९चा आकडा जगभर फिरला.

पुढच्या घडामोडी झपाट्याने झाल्या. १७ मार्चला इंग्लंडच्या आरोग्यसेवेने तातडीची नसलेली ऑपरेशन्स थांबवण्याचं पत्र रुग्णालयांना पाठवलं. २० मार्चला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही तसाच सल्ला दिला. हेतू योग्य होता. खाटा, व्हेंटिलेटर आणि माणसं मोकळी ठेवायची होती. कर्करुग्णांची ऑपरेशन्स थांबवा, असं कुणी लिहिलं नव्हतं. इंग्लंडच्या पत्रात तर ती चालू ठेवायलाच सांगितलं होतं. पण कॅन्सरचं ऑपरेशन अपघातातल्या जखमीसारखं त्याच रात्रीचं नसतं. त्याची तारीख दिलेली असते, आणि दिलेली तारीख पुढे ढकलता येते. त्यामुळे प्रत्यक्षात ते थांबवायच्या यादीत सहज जाऊन बसलं.

या काळाकडे मागे वळून पाहताना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा निर्णय. १९४१मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, बंगालपासून आपल्या विदर्भ-मराठवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. संचालक डॉ. सी. एस. प्रमेश आणि टाटा मेमोरियल सेंटरचे प्रमुख डॉ. राजेंद्र बडवे यांनी एप्रिल २०२०मध्येच एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात आपली भूमिका मांडली आणि उपचार चालू ठेवले. कॅन्सर थांबत नाही, मग उपचार थांबवल्याने होणारं नुकसान कोण मोजणार, असा त्यामागचा साधा विचार होता.

तो निभावणं मात्र साधं नव्हतं. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली होती. परिचारिका, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ कल्याण-विरार-पनवेलहून येणारे. त्यांना आणायचं कसं? कॉलेजं, कार्यालयं, रेल्वे स्थानकं बंद पडल्याने रक्तदान शिबिरं थांबली आणि रक्तपेढ्या आटू लागल्या. मोठ्या ऑपरेशनला रक्त हाताशी नसेल तर सर्जन हात घालत नाही. त्यात पीपीई किटचा तुटवडा. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये तर धोका सर्जनच्या चेहऱ्यासमोरच असतो. भूल देताना घशात नळी घालायची, गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायची, जबडा कापायचा, आणि हे सगळं नेमकं विषाणू जिथे दडलेला असतो तिथेच. आपल्याकडे तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री यांच्यामुळे हेच रुग्ण सर्वाधिक. गालाच्या आतली गाठ फार वाट पाहत नाही. आज जी काढता येते ती दोन-तीन महिन्यांत काढण्यापलीकडे गेलेली असू शकते.

म्हणून कोणाला थांबवायचं आणि कोणाला नाही, याचा निवाडा रोज करावा लागला. या काळातलं सर्वांत अवघड काम हेच होतं, असं मी मानतो. हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये आधी गोळ्या सुरू करून काही महिने मिळवता येतात. थायरॉइडच्या बऱ्याच गाठी संथ असतात, प्रोस्टेटच्याही. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधी पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, देण्याऐवजी पाच दिवस रोज जास्त मात्रेचा शेक देऊन पुढे थांबता येतं. असा थोडा अवधी देणारे पर्याय जगभर वापरले गेले. जबडा काढल्यावर पायातलं हाड आणि रक्तवाहिन्या जोडून नवा जबडा उभा करायला बराच वेळ लागतो. अनेक ठिकाणी त्याऐवजी छातीचा स्नायू वर ओढून जखम झाकण्याची जुनी, कमी वेळाची पद्धत पुन्हा पसंत केली गेली. दिसायला ती तितकी चांगली नाही. पण ऑपरेशन थिएटरमधले तास वाचले आणि अतिदक्षता विभागावरचा भारही हलका झाला. ज्या रुग्णाच्या चेहऱ्यावर तो निर्णय कायमचा उमटला, त्यानेही या महामारीची किंमत मोजली. ती कुठल्याच कोष्टकात येत नाही.

आणि निकाल? २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात टाटामध्ये ४९४ मोठी नियोजित ऑपरेशन्स झाली. एकही मृत्यू झाला नाही. २८ जणांमध्ये गंभीर गुंतागुंत झाली. सहा जण ऑपरेशननंतर बाधित आढळले, सहाही बरे झाले. सुरुवातीला चाचणीचे निकषच कडक असल्याने अनेकांची आधी चाचणीही झालेली नव्हती. हा निकाल वाचताना एक गोष्ट विसरू नये. रुग्णांचं मध्यम वय ४८ होतं, साठीच्या पुढचे फक्त १३ टक्के, आणि दोन तृतीयांश रुग्णांना दुसरा कोणताही मोठा आजार नव्हता. शिवाय एप्रिलमध्ये मुंबईतली लाट अजून चढतीवर होती. युरोपातल्या सत्तरीच्या रुग्णांना हेच उत्तर लागू पडलं असतं असं नाही. पुढे मे महिन्यात २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांचा अभ्यास आला. ऑपरेशनच्या आसपास कोरोना झालेल्यांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले होते. दोन्ही आकडे खरे आहेत. बाधित माणसावर ऑपरेशन करणं भयंकर धोक्याचं होतं. निरोगी माणसाला बाधेपासून वेगळं ठेवून ऑपरेशन करणं शक्य होतं. पुढे ५५ देशांतल्या ९,१७१ रुग्णांच्या पाहणीत हेच दिसलं. कोरोनारुग्णांपासून पूर्ण वेगळ्या ठेवलेल्या रुग्णालयांत किंवा विभागांत फुप्फुसाची गुंतागुंत २.२ टक्के, बाकी ठिकाणी ४.९ टक्के.

पण देशाचं चित्र एका रुग्णालयावरून ठरत नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कॅन्सर केंद्रांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२०ची आदल्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी तुलना केली. मोठी ऑपरेशन्स १७,१२० वरून ८,६७७ वर आली. जवळजवळ निम्मी. रेडिएशन मात्र २३ टक्क्यांनीच घटलं. शेकाला भूलतज्ज्ञ लागत नाही, रक्त लागत नाही, नंतर अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवावी लागत नाही. महामारीने नेमक्या ज्या गोष्टी ओढून नेल्या, त्या सगळ्या सर्जनच्या होत्या.

आणि घट मोठ्या शहरांतल्या केंद्रांमध्ये अधिक होती. मला हा त्या तुलनेतला सर्वांत बोलका भाग वाटतो. मोठ्या शहरातलं केंद्र चालतं ते बाहेरगावच्या रुग्णांवर. गाडी बंद, एसटी बंद, जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास, आणि शहरात पोहोचलं तरी राहायचं कुठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षं टाटाच्या रुग्णांना आसरा देते, पण परळच्या फुटपाथवर चटई टाकून दिवस काढणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी. त्यांना टाळेबंदीत घरात थांबा म्हणणं म्हणजे काय सांगणं होतं? थिएटर सुरक्षित करता आलं. थिएटरपर्यंतचा रस्ता कुणी सुरक्षित केला नाही. याची जबाबदारी सरकारी नियोजनाची होती, आणि ते नियोजन कमी पडलं, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

विलंबाचा हिशोब नोव्हेंबर २०२०मध्ये आला. जुन्या अभ्यासांची छाननी करून संशोधकांनी दाखवलं की ऑपरेशन चार आठवड्यांनी लांबलं तर मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. वीस हजार रुग्णांच्या एका जागतिक पाहणीत तर पूर्ण टाळेबंदीच्या प्रदेशांमधल्या १५ टक्के रुग्णांचं ठरलेलं ऑपरेशन पाच महिने उलटूनही झालेलं नव्हतं.

२०२१ची दुसरी लाट वेगळी होती. ऑक्सिजनच अपुरा पडला, तेव्हा भूल देण्याचा प्रश्नच काही ठिकाणी उरला नाही. मग आली काळी बुरशी. नाकातून वरच्या जबड्यात आणि डोळ्यापर्यंत पसरणारी ती बुरशी कापूनच काढावी लागते. महाराष्ट्रात तिचे हजारो रुग्ण झाले. तोंडाच्या कॅन्सरसाठी जबडा काढण्याचं जे कौशल्य आपल्या कान-नाक-घसा आणि दंतशल्यचिकित्सकांनी तंबाखूमुळे कमावलं होतं, ते त्या उन्हाळ्यात मधुमेही कोरोनारुग्णांसाठी वापरलं गेलं. अर्थात थिएटरं पुन्हा तीच, हातही तेच, आणि यादीत कर्करुग्ण पुन्हा मागे.

मनाला लागून राहतो तो मात्र ऑपरेशनचा आकडा नव्हे. त्या ४१ केंद्रांत नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली होती. तीन महिन्यांत ६०,५१० माणसं कमी आली. कॅन्सर होणं काही कमी झालं नव्हतं. ज्यांची तारीख पुढे गेली त्यांची निदान फाईल होती, फोन नंबर होता, कुणीतरी त्यांना परत बोलावू शकत होतं. हे साठ हजार फाईल व्हायच्या आधीच थांबले. काही नंतर आले असतील, वाढलेल्या गाठीसह. काही जवळच्या छोट्या दवाखान्यात गेले असतील. काही घरीच दगावले असतील, आणि खेड्यात घरी झालेल्या मृत्यूचं कारण डॉक्टर सहसा लिहून देत नाही. बार्शीला १९८७पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथले कार्यकर्ते रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट पाहत नाहीत, गावोगाव फिरून चौकशी करतात. असं काम राज्याच्या प्रत्येक जिल्ह्यात चालू असतं, तर त्या साठ हजारांमधल्या आपल्या माणसांचं काय झालं हे आज आपल्याला विचारता आलं असतं.